प्रतिसादी वेबरचना

प्रतिसादी वेबरचना, अर्थात रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन, ही वेबपानांची मांडणी करण्याची अशी पद्धत आहे की जिच्यामुळे एकच पान मोबाइल, टॅब्लेट, लॅपटॉप व मोठा पडदा अशा सर्व उपकरणांवर उपलब्ध रुंदीनुसार आपली मांडणी बदलते. पानातील मजकूर व त्याची अर्थरचना एचटीएमएल या भाषेत लिहिली जाते, तर मांडणी, अंतरे, रंग व अक्षरांचे आकार सीएसएस या शैलीपत्रकाच्या भाषेत ठरवले जातात. प्रत्येक उपकरणासाठी वेगळे संकेतस्थळ न बनवता एकाच मजकुराला लवचीक शैली देणे हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

एचटीएमएल व सीएसएसचे संकेत प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहिले जातात. या लेखात त्यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

## इतिहास

एचटीएमएल ही भाषा टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत विकसित केली. तिच्यातील साधे, शैलीविरहित पान मुळातच लवचीक असते. खिडकी अरुंद केली की ओळी आपोआप मोडून खाली येतात. होकून व्हिउम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सीएसएसची पहिली शिफारस प्रसिद्ध केली. मात्र त्या काळातील रचनाकारांनी छापील पानाच्या सवयीनुसार ठरावीक रुंदीची पाने बनवली. मांडणीसाठी प्रथम अदृश्य कोष्टके आणि पुढे ‘फ्लोट’ हा गुणधर्म वापरात होता. जॉन ऑलसॉप यांनी २००० साली लिहिलेल्या एका लेखात, वेबचा लवचीकपणा हा दोष नसून तिचे बलस्थान आहे, अशी भूमिका मांडली.

२००७ मध्ये आयफोन बाजारात आल्यावर संपूर्ण वेबपाने मोबाइलवर पाहणे सोपे झाले. सुरुवातीला अनेक संस्थांनी मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. यात एकच मजकूर दोन ठिकाणी सांभाळावा लागे आणि अनेकदा मोबाइलवरील आवृत्ती अपुरी राहत असे. ईथन मार्कॉट यांनी २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा प्रथम वापरली. प्रवाही जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी हे तीन घटक त्यांनी एकत्र आणले. मीडिया क्वेरीला जून २०१२ मध्ये अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स व सफारी या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड उपलब्ध झाली, तर २०२२ व २०२३ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी कंटेनर क्वेरी स्वीकारली.

## मूलभूत घटक

व्ह्यूपोर्ट. ब्राउझरमध्ये पान दिसण्यासाठी उपलब्ध असलेल्या चौकटीस व्ह्यूपोर्ट म्हणतात. पानाच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसेल, तर मोबाइल ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद असल्याचे गृहीत धरतो आणि ते आक्रसून पडद्यावर बसवतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर अशा पानातील १६ पिक्सेलचे अक्षर जेमतेम ६ पिक्सेलइतके दिसते. रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ व प्रारंभिक प्रमाण १ असे सांगणारी एक ओळ हा दोष दूर करते. ती नसल्यास मोबाइलसाठी लिहिलेल्या मीडिया क्वेरीही अपेक्षेप्रमाणे लागू होत नाहीत, कारण ब्राउझरच्या लेखी पानाची रुंदी ९८० असते.

प्रवाही जाळी. रकान्यांच्या रुंदी पिक्सेलऐवजी प्रमाणात दिल्या जातात. मार्कॉट यांच्या सूत्रानुसार घटकाच्या रुंदीस त्याच्या परिवेष्टक चौकटीच्या रुंदीने भागले की प्रमाण मिळते. १२०० पिक्सेलच्या पानात २५० पिक्सेलची मेन्यूपट्टी असेल, तर तिचे प्रमाण २०.८३ टक्के होते.

मीडिया क्वेरी. टक्केवारी एकटी पुरेशी नसते. वरील मेन्यूपट्टी ३६० पिक्सेलच्या पडद्यावर केवळ ७५ पिक्सेल उरते आणि तिच्यात ‘संपर्क’ हा शब्दही कसाबसा मावतो. विशिष्ट रुंदीच्या पुढे किंवा अलीकडे मांडणीच बदलावी, असे सांगण्याचे काम मीडिया क्वेरी करते. ज्या रुंदीवर मांडणी बदलते तिला ब्रेकपॉइंट म्हणतात.

फ्लेक्सबॉक्स व ग्रिड. फ्लेक्सबॉक्स ही एका दिशेतील मांडणीसाठी, म्हणजे मेन्यूची ओळ किंवा बटणांचा गट यांसाठी सोयीची असते. ग्रिडमध्ये ओळी व रकाने दोन्ही एकाच वेळी ठरवता येतात. दोन्ही पद्धती एकाच पानात एकत्र वापरल्या जातात.

## नवशिक्या मांडणीतील सामान्य दोष

प्रथमच पान बनवणाऱ्यांच्या कामात पुढील दोष वारंवार आढळतात:

* व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग वगळणे.
* मुख्य चौकटीला ठरावीक रुंदी देणे. ‘विड्थ’ऐवजी ‘मॅक्स-विड्थ’ दिल्यास चौकट मोठ्या पडद्यावर मर्यादेत राहते व लहान पडद्यावर आक्रसते.
* चौकटीचे माप चुकीचे गृहीत धरणे. रुंदी १०० टक्के, दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग व १ पिक्सेल किनार दिल्यास ३६० पिक्सेलच्या पडद्यावर चौकट ४०२ पिक्सेल होते आणि पान आडवे सरकू लागते. ‘बॉक्स-सायझिंग’ हा गुणधर्म ‘बॉर्डर-बॉक्स’ ठेवल्यास पॅडिंग व किनार रुंदीतच मोजली जातात.
* चौकटीला ठरावीक उंची देणे. मजकूर वाढला की तो चौकटीबाहेर सांडतो.
* रुंदी १०० ‘व्हीडब्ल्यू’ देणे. संगणकावर या एककात उभ्या स्क्रोलपट्टीची रुंदीही धरली जात असल्याने अनावश्यक आडवी पट्टी उमटू शकते.
* मांडणीसाठी घटकांना ‘पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट’ देऊन जागेवर ठोकून बसवणे.
* आडवी पट्टी दिसू नये म्हणून संपूर्ण पानावर ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावणे. यामुळे दोष दूर होत नाही, फक्त दृष्टीआड होतो. बाहेर गेलेला मजकूर वाचकाला मिळतच नाही.

## सुधारणेची क्रमवार पद्धत

पुढील उदाहरण चाकण औद्योगिक परिसरातील एखाद्या काल्पनिक यंत्रभाग कारखान्याच्या पानाचे आहे. मूळ पान १२०० पिक्सेल रुंद असून त्यात वर नाव व दूरध्वनी, डावीकडे मेन्यू, मध्ये कारखान्याचे ४००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र, आठ उत्पादनांच्या चौकटी, यंत्रांचे सहा रकान्यांचे कोष्टक आणि शेवटी चौकशीचा अर्ज आहे, असे मानले आहे.

### १. अर्थरचना

प्रथम शैलीपत्रक बाजूला ठेवून एचटीएमएल तपासले जाते. सर्वत्र ‘डिव्ह’ वापरण्याऐवजी ‘हेडर’, ‘नॅव्ह’, ‘मेन’, ‘सेक्शन’ व ‘फुटर’ हे अर्थवाही टॅग योजले जातात आणि मथळ्यांचे स्तर क्रमाने ठेवले जातात. शैली नसलेले पान वरून खाली वाचताना अर्थ लागत असेल, तर लहान पडद्यावरील मांडणीचा मोठा भाग तेथेच सिद्ध होतो. सीएसएसच्या ‘ऑर्डर’ गुणधर्माने दिसण्याचा क्रम बदलता येतो. परंतु कळफलक व स्क्रीनरीडर मूळ क्रमच पाळतात, म्हणून दोन्ही क्रम सुसंगत ठेवणे आवश्यक असते.

### २. लहान पडद्यापासून आरंभ

मूळ शैली एका रकान्याची लिहून रुंदी वाढेल तसे रकाने वाढवण्याच्या पद्धतीस ‘मोबाइल फर्स्ट’ म्हणतात. ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २०११ साली याच नावाचे पुस्तक लिहिले. उदाहरणातील पानात मेन्यू प्रथम नावाखाली येतो आणि ४८ ‘एम’ म्हणजे सर्वसाधारण ७६८ पिक्सेलच्या पुढे डावीकडे जातो. ब्रेकपॉइंट एखाद्या विशिष्ट मोबाइलच्या मापावरून ठरवले जात नाहीत. खिडकी हळूहळू रुंद करत नेताना ज्या ठिकाणी मांडणी विसविशीत किंवा दाटीची वाटू लागते, तेथे ते ठेवले जातात.

### ३. उत्पादनांच्या चौकटी

आठ चौकटींसाठी स्वतंत्र ब्रेकपॉइंट लिहावे लागत नाहीत. ग्रिडमध्ये ‘रिपीट’, ‘ऑटो-फिट’ व ‘मिनमॅक्स’ वापरून प्रत्येक चौकट किमान १६ ‘रेम’ म्हणजे २५६ पिक्सेल व कमाल एक समान वाटा, असे सांगता येते. चौकटींमध्ये १६ पिक्सेलचे अंतर आणि पानाच्या दोन्ही कडांना तेवढेच पॅडिंग धरल्यास ३६० पिक्सेलच्या पडद्यावर एक, ७६८ वर दोन आणि १२०० वर चार रकाने आपोआप बनतात.

ग्रिड व फ्लेक्सबॉक्समधील घटक आपल्या आतील सर्वांत लांब शब्दापेक्षा अरुंद होण्यास नकार देतात, कारण त्यांची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते. रकाना अनपेक्षितपणे फुगल्यास त्या घटकाला ‘मिन-विड्थ: ०’ देणे हा त्यावरील नेहमीचा उपाय आहे.

### ४. चित्रे

चित्राला कमाल रुंदी १०० टक्के व उंची ‘ऑटो’ दिल्यास ते चौकटीबाहेर जात नाही. तथापि यामुळे फाइल लहान होत नाही. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात, तर ८०० बाय ६०० च्या आवृत्तीत ४ लाख ८० हजार, म्हणजे पंचविसावा हिस्सा. मोबाइलवरील ३२८ पिक्सेलच्या जागेसाठी दुप्पट घनतेच्या पडद्यालाही ६५६ पिक्सेल पुरतात. ‘सोर्ससेट’ व ‘साइझेस’ या गुणविशेषांनी एकाच चित्राच्या अनेक आवृत्त्या नोंदवता येतात व ब्राउझर योग्य ती निवडतो. चित्राची रुंदी व उंची एचटीएमएलमध्येही नोंदवल्यास ब्राउझर त्याची जागा आधीच राखून ठेवतो आणि वाचन सुरू असताना मजकूर खाली उडी मारत नाही.

### ५. कोष्टक

यंत्राचे नाव, संख्या, क्षमता, अचूकता, उत्पादक व वर्ष असे सहा रकाने मोबाइलवर मावत नाहीत. अशा वेळी संपूर्ण पान सरकू न देता कोष्टकाभोवती एक चौकट घेऊन तिला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ दिले जाते, मग फक्त कोष्टक आडवे सरकते. ही चौकट कळफलकानेही पोहोचता येण्याजोगी ठेवावी लागते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ओळीचे स्वतंत्र कार्ड केले जाते. कोष्टकाचा ‘डिस्प्ले’ बदलल्यास काही ब्राउझरांत स्क्रीनरीडरला ते कोष्टक असल्याचे कळत नाही, म्हणून तुलना महत्त्वाची असलेल्या ठिकाणी पहिली पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

### ६. अक्षरे, दुवे व अर्ज

मथळ्याचा आकार ‘क्लॅम्प’ने मर्यादेत ठेवता येतो. किमान १.५ रेम, मधले मूल्य १ रेम अधिक २.५ व्हीडब्ल्यू आणि कमाल २.५ रेम दिल्यास मथळा ३६० पिक्सेलवर २५ पिक्सेलचा, तर १२०० वर कमाल मर्यादेनुसार ४० पिक्सेलचा होतो. मधल्या मूल्यात रेम असल्याने वाचकाने अक्षरे मोठी केल्यास मथळाही वाढतो. केवळ व्हीडब्ल्यू दिल्यास तसे होत नाही. दूरध्वनी क्रमांकाला ‘टेल’ प्रकारचा दुवा दिला की मोबाइलवर स्पर्शाने थेट कॉल लावता येतो. अर्जातील रकान्यांचा अक्षर-आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असल्यास आयफोनवरील सफारी तो रकाना निवडताच पान मोठे करते, म्हणून तो किमान १६ पिक्सेल ठेवला जातो.

## देवनागरी मजकुरासंबंधीचे प्रश्न

प्रतिसादी मांडणीवरील बहुतेक शिकवण्या रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेल्या असतात. मराठी पानासाठी त्यातील काही मापे बदलावी लागतात.

ओळीची उंची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार व जोडाक्षरांचे भाग येतात. रोमन मजकुरास पुरणारी १.४ ही ओळ-उंची येथे दाटीची वाटते, १.६ ते १.८ हे मूल्य सोयीचे ठरते. ठरावीक उंचीच्या बटणात उकार किंवा रफार कापला जाण्याचे कारण बहुधा हेच असते.

अक्षरांतील अंतर. ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवल्यास शिरोरेषा तुटते व शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. रोमन मथळ्यांसाठी केलेली ही सजावट मराठीत टाळली जाते.

लांब शब्द. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘उत्पादनक्षमतेसंदर्भातील’ किंवा ‘महानगरपालिकेकडूनसुद्धा’ यांसारखे शब्द अरुंद रकान्याबाहेर जाऊ शकतात. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ या गुणधर्माने शब्द गरजेपुरता मोडता येतो. आपोआप संयोगचिन्ह देऊन शब्द तोडण्याची सोय सर्व ब्राउझरांत मराठीसाठी सारखी नाही, त्यामुळे तिच्यावर पूर्णतः विसंबता येत नाही.

भाषेची नोंद. मूळ टॅगमध्ये ‘लँग’ या गुणविशेषाने मराठीची नोंद केल्यास, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल व श यांची मराठी वळणाची रूपे दिसतात. अन्यथा हिंदी वळणाची रूपे येतात. स्क्रीनरीडरलाही योग्य उच्चारासाठी ही नोंद लागते.

फॉन्ट. युनिकोडमधील देवनागरी विभागात १२८ स्थाने आहेत. परंतु जोडाक्षरांमुळे फॉन्टमधील प्रत्यक्ष आकृत्यांची संख्या कितीतरी अधिक असते व फाइल मोठी होते. ‘युनिकोड-रेंज’ने देवनागरी व रोमन भाग वेगळे ठेवता येतात, तर ‘फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप’मुळे फॉन्ट येईपर्यंत मजकूर उपकरणातील फॉन्टमध्ये वाचता येतो. मुंबईतील एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू, तसेच नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट वेबवर वापरले जातात.

जुने फॉन्ट. युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. अशा फॉन्टातील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर अर्थहीन रोमन अक्षरांसारखा दिसतो आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. मांडणी कितीही लवचीक केली तरी हा दोष जात नाही. मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

## सुगम्यता व शासकीय मानके

‘डब्ल्यूसीएजी २.१’ या २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३२० पिक्सेल रुंदीवर मजकूर दोन्ही दिशांना न सरकवता वाचता आला पाहिजे. कोष्टके व नकाशे यांना त्यात सवलत आहे. १२८० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर पान ४०० टक्के मोठे केले असता नेमकी हीच रुंदी उरते. म्हणजेच प्रतिसादी मांडणीचा लाभ मोबाइलधारकांइतकाच अल्पदृष्टी असलेल्या वाचकांना होतो. व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये पान मोठे करण्यास मनाई करणे याच कारणाने चुकीचे मानले जाते. २०२३ च्या २.२ आवृत्तीने स्पर्शाच्या जागांसाठी, काही अपवाद वगळता, किमान २४ बाय २४ पिक्सेलचे माप सांगितले आहे.

भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ साली प्रसिद्ध झाली. २०२३ मधील त्यांची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ च्या ‘एए’ स्तरावर आधारलेली आहे.

## पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड व आकुर्डी भागांत कारखानदारी विस्तारली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. खेड तालुक्यातील चाकण येथे पुढे बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांसारख्या वाहन उत्पादकांचे कारखाने उभे राहिले. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग परिसरात असून यंत्रांची यादी, क्षमता व संपर्क देणारे छोटे वेबपान हे त्यांच्या ओळखपत्रासारखे असते. परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व जवळचे हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यान यांमुळे वेबविकास शिकणाऱ्यांचीही येथे मोठी संख्या आहे.

नागरी माहितीच्या बाबतीत पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०१३ मध्ये सुरू केलेला ‘सारथी’ हा उपक्रम उल्लेखनीय आहे. महापालिकेच्या सेवांविषयीची माहिती त्यात दूरध्वनी मदतवाहिनी, संकेतस्थळ, पुस्तिका व मोबाइल अ‍ॅप अशा निरनिराळ्या माध्यमांतून देण्यात आली. मजकूर एकदा नीट रचून ठेवला की तो अनेक माध्यमांतून पोहोचवता येतो, हे प्रतिसादी वेबरचनेमागील तत्त्व येथे प्रशासकीय पातळीवर दिसते.

कारखान्यातील कामगार, कंत्राटी नोकरी शोधणारे तरुण व मालवाहू वाहनांचे चालक यांपैकी अनेकांकडे वेबसाठी मोबाइल हेच एकमेव साधन असते. त्यांच्या दृष्टीने भरतीची सूचना, बसचे वेळापत्रक किंवा करभरण्याचे पान अरुंद पडद्यावर वाचता न येणे म्हणजे ती माहिती उपलब्ध नसणेच होय.

## चाचणी

ब्राउझरमधील विकसक साधनांत पडद्याची रुंदी बदलून मांडणी पाहता येते. ३२० पिक्सेलपासून आरंभ करून रुंदी सलग वाढवत नेणे हे ठरावीक तीन-चार मापे तपासण्यापेक्षा उपयुक्त असते, कारण दोष बहुधा दोन ब्रेकपॉइंटांच्या मधल्या रुंदीवर दडलेले असतात. पान आडवे सरकत असल्यास सर्व घटकांना तात्पुरती बाह्यरेषा देऊन बाहेर जाणारा घटक शोधता येतो. याखेरीज अक्षरे दुप्पट करून पाहणे, केवळ कळफलकाने पान वापरणे, संथ जोडणीचे अनुकरण करणे आणि किमान एका प्रत्यक्ष, कमी क्षमतेच्या मोबाइलवर भर उन्हात पान वाचून पाहणे या चाचण्या केल्या जातात. नमुना मजकूर म्हणून निरर्थक लॅटिन वाक्यांऐवजी खरा मराठी मजकूर घातल्यास लांब शब्द व ओळ-उंचीचे दोष लवकर लक्षात येतात.

## मर्यादा

मांडणी बदलली तरी पानाचे वजन आपोआप कमी होत नाही. लहान पडद्यावर ‘डिस्प्ले: नन’ने लपवलेले चित्र अनेकदा तरीही उतरवले जाते आणि वाचकाचा डेटा खर्च होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बूटस्ट्रॅपसारख्या तयार चौकटींमुळे काम झटपट होते; परंतु त्यांतील बराचसा संकेत लहान पानात वापरलाच जात नाही, शिवाय मांडणीमागील तत्त्वे न शिकताच ती वापरण्याची सवय लागू शकते. मीडिया क्वेरी केवळ संपूर्ण व्ह्यूपोर्टची रुंदी जाणते. एकच घटक रुंद मुख्य भागात व अरुंद बाजूपट्टीत वापरायचा असल्यास तिचा उपयोग होत नाही. कंटेनर क्वेरीमुळे ही उणीव भरून निघाली असून घटक आता आपल्या परिवेष्टक चौकटीच्या रुंदीनुसार मांडणी बदलू शकतो.

## हे सुद्धा पहा

* एचटीएमएल
* सीएसएस
* युनिकोड
* देवनागरी
* पिंपरी-चिंचवड
* चाकण